चढता पाळणा

नाताळच्या कीर्तनातला पाळणा अंबादासबुवांनी म्हणायचा, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ठरवायची वेळच आली नव्हती. कोल्हापुरात पंचगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ख्रिस्ती मंडळींची एक लहानशी वस्ती होती. वस्तीच्या मधोमध कौलारू देऊळ, आणि देवळासमोर चिंचेखाली मांडव. नाताळच्या दिवशी ऊन कललं की तिथं कीर्तन उभं राहायचं. बुवा येशूजन्माचं आख्यान लावायचे. गंगावेशीपासूनचे शेजारीपाजारी ऐकायला यायचे, तालमीतले पैलवान मागं उकिडवे बसायचे. आख्यान संपलं की मांडवात टांगलेल्या पाळण्याची दोरी बुवांच्या हातात जायची.

पाळण्यात खरं बाळ असायचं. वस्तीत त्या वर्षी सगळ्यांत शेवटी जन्मलेलं जे कोण असेल ते. मुलगा असो, मुलगी असो, त्या दिवशी तेच येशूबाळ. बुवा एकेक कडवं म्हणत दोरी ओढत, बायका मागून ‘जो बाळा जो जो रे जो’ धरत. शेवटच्या कडव्याला दोरी थांबायची आणि दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून बारशाच्या रीतीनं बाळ एकमेकींना द्यायच्या. एकदा पाळण्याखालून, एकदा पाळण्यावरून.

पाळणा वस्तीइतकाच जुना. रचला कुणी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बुवांकडे तो सासऱ्यांकडून आला. सासरे एकतारीवर म्हणत. बुवा शाळेत मास्तर, हौशी माणूस, पेटी शिकलेले. त्यांनी पाळण्याला पेटी जोडली आणि त्यात आपली एक करामत घातली. दर कडव्याला पेटीचा सूर एक पायरी वर न्यायचा. शेवटचं कडवं असं टिपेला जाई की चिंचेवरचे कावळे उडत. लोक त्याला ‘चढता पाळणा’ म्हणू लागले. म्हाताऱ्या बायडाबाई तेवढ्या दर वर्षी कुरकुरायच्या.

“लई उंच गेलास रं अंबादास. देव खाली गवतावर निजलाय, आन् तू त्याला आढ्यात हुडकतुयास.”

बुवा हसून सोडून देत. म्हातारीला गाण्यातलं काय कळतं!

आणि मग गेल्या नाताळात, पन्नास साली, शेवटच्या कडव्याला बुवांचा आवाज फाटला. साधासुधा नाही. कौलावरून मांजर कोसळावं तसा. बाळ दचकून रडायला लागलं, मागचे पैलवान खो खो हसले, आणि विमलाबाईंनी, म्हणजे बुवांच्या बायकोनं, रडतं बाळ तसंच छातीशी धरून कडवं कसंबसं पार पाडलं. त्यावर वर्षभर कुणी काही बोललं नाही. कुणी बोलत नाही हेच बुवांना जास्त लागायचं.

एकावन्न सालची दिवाळी सरली आणि मंडळीचे पंच सयाजीराव बुवांच्या सोप्यात येऊन बसले. लाकडाची वखार चालवणारा माणूस. बोलणंही ओंडके टाकल्यासारखं.

“बुवा, रागावू नका.”

“मी कशाला रागावू?”

“म्हंजे रागावलायसा. बरं, ऐका. यंदा कीर्तन चन्नाप्पा करंल म्हन्तोय. आख्यानबी त्योच, पाळनाबी त्योच. पेटीवाला आण्णा आजऱ्याला लेकीकडं गेलाय, तवा पेटीवर तुमी बसा. तुमच्याबिगर पाळना वाजवनार कोन?”

चन्नाप्पा हा नवा प्रचारक. दसऱ्याच्या सुमाराला गडहिंग्लजहून एस.टी.नं आला होता. बरोबर बायको शांतव्वा, एक ट्रंक आणि एक ढोलकी. वय पंचविशीचं. रविवारी देवळात पहिलं भजन त्यानं म्हटलं तेव्हा देवळाचे पाद्री, पाळकसाहेब, चष्मा काढून डोळे पुसत बसले होते.

“चांगलं आहे की,” बुवा म्हणाले. “तरुण माणूस आहे. म्हणू दे.”

“असं मनापासून म्हनताय न्हवं?”

“मग काय पोटातून म्हणू?”

सयाजीराव चहा पिऊन गेले. विमलाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बुवा उठले, खुंटीवरचं उपरणं काढलं, पुन्हा खुंटीला लावलं आणि म्हणाले, “त्याचा च आणि स अजून जागेवर नाहीत. कानडी उच्चार. लोक हसतील.”

“तुम्हाला हसले तेव्हा तर च आणि स जागेवरच होते,” विमलाबाई म्हणाल्या. लगेच त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली.

खरं दुखणं कीर्तनाचं नव्हतं. कीर्तन त्यांनी कडू औषध गिळावं तसं गिळलं असतं. दुखणं त्या शेवटच्या कडव्याचं होतं.

*कुणी घ्या गं राजा, कुणी घ्या कोकरू ।*
*खालून द्या गं, वरून घ्या लेकरू ।*
*रिते ज्याचे हात, त्याचंच लेकरू ।*
*जो बाळा जो जो रे जो ॥*

बुवा आणि विमलाबाई यांना मूल नव्हतं. नवस बोलायची आपल्यात रीत नाही. प्रार्थना करायची, ती त्यांनी केली, आणि मग एका वयानंतर तीही थांबवली. पण दर नाताळाला विमलाबाई पाळण्याच्या एका बाजूला उभ्या राहायच्या. दुसऱ्या बाजूची बाई दर वर्षी बदलायची, ती बाळाची आई असायची, विमलाबाई त्याच. आणि बुवा ‘रिते ज्याचे हात’ म्हणताना त्यांच्याकडे बघायचे. ती ओळ आपल्यासाठीच आहे, असं त्यांनी फार पूर्वीच धरून ठेवलं होतं. देवानं सगळ्यांना लेकरं दिली, आपल्याला ही ओळ दिली. आता ती ओळ म्हणणार कोण, तर चन्नाप्पा. आणि यंदा वस्तीतलं शेवटचं बाळ कुणाचं, तर तेही चन्नाप्पाचंच. कार्तिकात त्याला मुलगी झाली होती.

गळा त्याला, लेकरू त्याला, आणि आता रित्या हातांची ओळही त्यालाच! हे काही देवाचं वाटप झालं?

चन्नाप्पा पाळणा शिकायला आला तो संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळेला. दारातच वाकला. “बुवा, शरणागत आलोय बघा. मला चार ओळी येतात, बाकी तुमच्या पोटात हाईत म्हन्तात सगळी.”

“ये. बस. पेटी नको काढायला, नुसतं तोंडानं सांगतो.”

पेटी त्यांनी का काढली नाही, ते त्यांचं त्यांनाही त्या घडीला सांगता आलं नसतं. सूर त्यांनी स्वतःच्या गळ्याला झेपेल असा धरला, खालचा. चन्नाप्पा मांडीवर बोटांनी ताल धरून मागं मागं म्हणू लागला.

*गोठ्यात पाळणा, गवताची दोरी ।*
*हलवी मरिया, दाविदाची पोरी ।*

दुसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटले. आवाज काही मोठा नव्हता. पण नदीला पाणी सोडल्यावर घाटाची एकेक पायरी भिजत यावी तसा तो घरभर आला. तव्यावर भाकरी टाकून विमलाबाई चुलीपुढून उठल्या आणि मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बुवांनी ते पाहिलं. त्यांच्या गाण्याला त्या अशा उठून आल्या, त्याला किती वर्षं झाली असतील? भाकरी करपल्याचा वास सुटला तेव्हा कुठं त्या आत गेल्या.

मेंढपाळांचं कडवं झालं, ताऱ्यामागून आलेल्या जोशांचं झालं. मग हेरोदाचं.

*हेरोद पुसतो, कुठे आहे बाळ ।*
*मुखात साखर, पोटात जाळ ।*

“इथं तुमी मिशीला पीळ देता म्हन्तात,” चन्नाप्पा हसला. “लोक सांगत्यात, हेरोद बघावा तर बुवांचा.”

“तो ज्याचा त्यानं करायचा असतो.”

शेवटचं कडवं शिकवताना बुवांची जीभ जड झाली, पण शिकवलं. एक मात्रा चुकवली नाही. कुणी बोट दाखवावं असं काही ते करणार नव्हते. चन्नाप्पानं कडवं दोनदा म्हटलं आणि थांबला.

“बुवा, रिते हात म्हंजे कुनाचे हो? मला मेळ लागंना.”

“म्हणायचं असतं ते. कळायचं नसतं.”

“असं कसं? कळल्याबिगर आतनं सूर येत न्हाय मला.”

“येईल. हे घे.” बुवांनी फळीवरची पत्र्याची डबी काढून दोन खडे त्याच्या हातावर ठेवले. साखर कंट्रोलची, खडीसाखर तर औषधाला. पण घशासाठी बुवा ती जपून ठेवत. “तोंडात धर. घसा मऊ राहतो. आणि थंड पाणी पिऊ नकोस हं, डिसेंबर आहे.”

“देवमानूस हायसा,” चन्नाप्पा म्हणाला आणि गेला.

बुवा दारातून तो उतार उतरून जाईपर्यंत बघत राहिले. एक विचार आला तो तेव्हाच. खालच्या सुरात सोपं आहे, बाळ. पेटीवर आम्ही वरून सुरुवात केली तर? एकेक पायरी चढत शेवटच्या कडव्याला पोचशील तेव्हा बघू गळा कुठं राहतो तो. विचार आला तसा त्यांनी झटकला. झटकला म्हणजे उंबऱ्याबाहेर टाकला नाही; दाराआड उभा करून ठेवला.

नाताळच्या दिवशी मांडवात मुंगीला जागा नव्हती. बायडाबाईंना पुढं पोत्यावर बसवलं होतं. पाळण्याला झेंडूची माळ, आत शांतव्वाची मुलगी, कपाळाला काजळाचा ठिपका.

“औंदा येशूबाळ पोरगी हाय की!” मागून एक पैलवान ओरडला.

“मग? तुला कुनी जलम दिला, मारुतीनं?” सयाजीरावांनी तिथल्या तिथं परतफेड केली, आणि मांडव हसला.

चन्नाप्पा उभा राहिला. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा नीट बसलेला नाही. बुवांना तो फेटा बघून जरा बरं वाटलं. पण चिपळ्या वाजल्या आणि ते बरं वाटणंही गेलं.

त्यानं सरायवाल्याचं आख्यान घेतलं. मरिया आणि योसेफ दारात उभे आहेत, आत जागा नाही, एवढीच गोष्ट. लहान पोरालाही पाठ. पण चन्नाप्पा गाता गाता थांबला आणि सरळ मागच्या पैलवानांकडं बोट केलं.

“काय पावणं, कोल्हापूरकर न्हवं? दारात पावणा आला तर काय करशीला?”

“या बसा म्हनू की!”

“जेवाय घालशीला?”

“रस्सा घालू, रस्सा!”

“आन् संगं बायको हाय. दिवस भरलेली. आजच्या आज बाळंत हुनार. आता?”

पैलवानांनी डोकी खाजवली. कुणीतरी म्हणालं, “दवाखान्यात धाडू.”

“बघा!” चन्नाप्पा हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज ओला झाला. “रस्सा घालाया आपुन तयार. जागा मातर द्याची म्हटली की आपली खोली आपल्यालाच पुरंना. त्यो सरायवाला काय वाईट न्हवता हो. भरलेला हुता, येवढंच.” आणि त्या ‘भरलेला’ शब्दावर त्यानं अशी एक जागा घेतली की कुणाच्या घशातून तरी ‘आहाहा’ निघालं.

ते विमलाबाईंच्या घशातून निघालं होतं.

बुवांच्या बोटांखाली पेटी नीट वाजत होती. वीस वर्षांची सवय. मन कुठंही असलं तरी बोटं चुकत नाहीत. मन म्हणत होतं, ही दाद माझी. ही जागा मी उभा राहतो ती. हा मांडव मी बांधला, ही माणसं मी गोळा केली, रस्त्यावरून जाणाऱ्याला ‘पावणं, बसा’ म्हणून मी बसवलं, आणि हा एस.टी.तून उतरला काय आणि माझ्या ताटावर बसला काय! पाळकसाहेबांनी पुन्हा चष्मा काढला होता. सयाजीराव खुळ्यासारखे रडत होते. आख्यान संपलं, चन्नाप्पाच्या गळ्यात हार पडला, आणि दोरी त्याच्या हातात गेली.

दाराआड उभा केलेला विचार तेव्हा आत आला.

बुवांनी भाता ओढला आणि पाळण्याचा सूर दिला. नेहमीचा नाही. चांगला तीन पायऱ्या वरचा.

चन्नाप्पानं एकदा मागं वळून पाहिलं. बुवा भात्याकडं बघत होते. त्यानं सूर उचलला. वडीलधाऱ्या माणसानं दिलेला सूर. कीर्तनकार भर मांडवात पेटीवाल्याला ‘खाली घ्या’ म्हणत नाही.

गोठ्याचं कडवं छान गेलं. मेंढपाळांचंही गेलं, उलट लोकांना वरच्या सुरात ते जास्तच आवडलं. बुवांनी एक पायरी चढवली. जोशांच्या कडव्याला चन्नाप्पाच्या कपाळावर घाम आला. बुवांनी आणखी एक पायरी चढवली. बायका ‘जो जो’ म्हणताना एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांनाही सूर पुरत नव्हता. पुढून बायडाबाईंनी मान हलवली. “आढ्यात,” त्या पुटपुटल्या, “गेला आढ्यात.”

हेरोदाच्या कडव्याला चन्नाप्पाच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या. मिशीला पीळ देणं वगैरे त्याला सुचलंच नाही. तो नुसता ती ओळ कशीबशी वर ढकलत होता.

*मुखात साखर, पोटात जाळ ।*

आणि ती ओळ म्हणताना तो, सवयीनं म्हणा, आधारासाठी म्हणा, बुवांकडं बघून थोडासा हसला. गालात त्याच्या काहीतरी होतं. खडीसाखर. बुवांनी दिलेली. अजून पुरवून पुरवून खात होता.

बुवा वर्षानुवर्षं हेरोद झाले होते. डोळे फिरवले होते, मांडी थोपटली होती, पोरांना हसवलं होतं. हेरोद दाढीवाला असतो, तलवारवाला असतो, लांबचा असतो, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. तो खडीसाखरेची डबी जपणारा, पाळण्यापाशी पेटी घेऊन बसणारा असेल, हे त्यांना कुठल्या आख्यानात सापडलं नव्हतं. हेरोदाला तरी काय हवं होतं? दुसऱ्याच्या घरी जन्मलेलं आपल्याला बघवत नव्हतं, इतकंच की.

बायका ‘जो बाळा’ म्हणत होत्या. ते संपलं की शेवटचं कडवं. बुवांचं बोट पुढच्या पट्टीवर तयार होतं, वरच्या. एवढं दाबलं की झालं.

पाळण्याच्या अलीकडं शांतव्वा उभी राहिली, पलीकडं विमलाबाई. रीतीप्रमाणं विमलाबाईंनी हातातलं सगळं बाजूला ठेवलं. रुमाल, भजनाचे टाळ. टाळ त्यांनी वाकून जमिनीवर ठेवले आणि दोन्ही हात पाळण्याखाली पसरले. बाळ घ्यायचं तर हात मोकळे हवेत. टाळ धरून बाळ घेता येत नाही. हे त्या दर वर्षी करत होत्या. दर वर्षी बुवा ते बघत होते, आणि दर वर्षी त्यांना तिथं फक्त एक पोर नसलेली बाई दिसत होती. रिते हात म्हणजे देवानं रिते ठेवलेले, असाच अर्थ त्यांनी लावला होता. आज त्यांना दिसलं, की तिनं ते रिते केले होते. मुद्दाम. घ्यायला.

आणि माझे? बुवांनी आपल्या हातांकडं पाहिलं. एका हातात भाता, एका हातात सूर. माझे हात कधी रिते होते? दोरी मी सोडली नाही, ओळ सोडली नाही, दुःखसुद्धा मुठीत आवळून धरलं आणि त्यावर ताना घेतल्या. ‘खालून द्या गं’ असं शब्दांतच आहे आणि मी ते टिपेच्या सुरात किंचाळलो. म्हातारी दर वर्षी सांगत होती. येशूबाळ खालूनच द्यायचं होतं. आभाळातून गोठ्यात, गोठ्यातून क्रुसावर, क्रुसावरून थडग्यात, जितकं खाली जाता येईल तितकं देवानं त्याला खाली दिलं. वर घेतलं ते त्यानंतर. आपण मात्र पहिल्यापासून आढ्यात.

‘जो जो’ संपलं. चन्नाप्पानं श्वास भरला, खांदे वर घेतले. घाबरलेल्या माणसासारखा दिसत होता.

बुवांनी पेटीवरून हात काढला.

भाता ‘हुस्स’ करून बसला. भर पाळण्यात, भर मांडवात, पेटी बंद! चन्नाप्पाचं तोंड उघडंच राहिलं. माणसं माना उंच करून बघू लागली. मागून कुणी तरी म्हणालं, “बुवा झोपलं काय?” आणि गेल्या वर्षीचं ते हसू, अगदी तेच, बुवांना ओळखू आलं. कानांच्या पाळ्या पेटल्या. पण त्यांनी घाई केली नाही. बोट खाली आणलं, आणखी खाली, सासऱ्यांची एकतारी जिथं लागायची तिथवर, आणि एकच सूर धरला. नुसता सा. बारीक. बाळ झोपलेल्या घरात वाजवावा तसा.

चन्नाप्पानं तो ऐकला. भरलेला श्वास त्यानं सोडून दिला, खांदे उतरले. दोरीही सोडली. आणि खालून, पाणी पायरीला लागावं तसं, त्यानं कडवं घेतलं.

*कुणी घ्या गं राजा, कुणी घ्या कोकरू ।*

शांतव्वानं पोरीला उचललं आणि पाळण्याखालून पुढं केलं. विमलाबाईंनी घेतलं. वरून दिलं. शांतव्वानं घेतलं. पुन्हा खालून. एवढा खालचा सूर म्हटल्यावर बायकाच काय, पुरुषही म्हणू लागले. सयाजीरावांचा ओंडक्यासारखा आवाज त्यात बसला, पैलवानही ‘जो जो’ म्हणाले. चढत्या पाळण्यात आजवर बुवांशिवाय कुणाला शेवटचं कडवं म्हणताच आलं नव्हतं, हे बुवांच्या तेव्हा लक्षात आलं.

‘रिते ज्याचे हात’ चन्नाप्पानं इतकं साधं म्हटलं, तान नाही, काही नाही, की बुवांच्या काळजात पुन्हा एक कळ उठली. किती चांगलं म्हणतोय! मेल्यानं किती चांगलं म्हटलं! ते जळणं गेलं नव्हतं. पण त्यांचं बोट त्या खालच्या पट्टीवरून हललं नाही.

मांडव उठला तेव्हा सगळे चन्नाप्पाभोवती. बुवा पेटीचं झाकण लावत होते. सयाजीराव येऊन पाठीवर थाप मारून म्हणाले, “काय बुवा, ऐन वक्ताला पेटीनं मान टाकली की! पोरानं निभावून नेलं म्हनून बरं. त्याच्या जागी दुसरा असता तर झालाच हुता तमाशा.”

“पेटीनं नाही. माझी चूक.”

“हुतंय, हुतंय. वय झालं.”

हे ‘वय झालं’ बुवांनी गिळलं. कीर्तनापेक्षा ते गिळायला अवघड होतं.

बायडाबाईंना दोघींनी धरून उठवलं होतं. जाता जाता त्यांनी काठीनं पेटीला टोचलं. “आज उतरला रं पाळना. तुझा सासरा असाच म्हनायचा.” आणि त्या पुढं गेल्या.

शेवटी चन्नाप्पा आला. गळ्यातला हार त्यानं काढून हातात धरला होता. आवाज बसला होता.

“बुवा, सूर वरचा दिला हुता.”

“होय.”

“चुकून?”

खोटं बोलायला वाट मोकळी होती. सयाजीरावांनीच करून दिली होती. बुवा पेटीच्या कडीशी थोडा वेळ खेळले. “नाही,” ते म्हणाले. “तुझा गळा फाटावा म्हणून.”

 पाळण्याजवळ शांतव्वा पोरीची लाळ पुसत होती, चन्नाप्पा तिकडं बघत राहिला. मग म्हणाला, “आन् खाली घेतला त्यो?”

“तोही चुकून नाही.”

“रिते हात कुनाचे, ते मी इचारलं हुतं तुम्हास्नी.”

“तेव्हा मलाच माहीत नव्हतं रे. तुला काय सांगणार?”

चन्नाप्पानं घसा खाकरला. खाकरताना तोंड वाकडं झालं. “आग पडलीया बगा आत. निदान खडीसाखर तरी द्या आता.”

बुवांनी कोटाच्या खिशातून डबी काढली. दोन खडे काढायला झाकण उघडलं, आणि मग झाकण लावून डबीच त्याच्या हातावर ठेवली. चन्नाप्पानं डबी कानाशी नेऊन हलवून बघितली आणि एकदम हसला. बसक्या आवाजात, बदकासारखा. बुवांनाही हसू आलं. नको असताना आलं.

“फुडच्या साली पाळना तुमी म्हना,” चन्नाप्पा म्हणाला. “खालच्या सुरात तुमचा गळा अजून चांगला हाय.”

बुवांच्या जिभेवर ‘बरं’ आलंच होतं. दात उपटावा तसं त्यांनी ते मागं घेतलं. “दोरी तू धर. मी पेटीवर. सूर कुठून द्यायचा ते आता कळलंय मला.”

एवढ्यात विमलाबाई आल्या. एका हाताच्या कुशीत चन्नाप्पाची पोर, टाळ दुसऱ्या हातात. “शांतव्वा पाळणा सोडवतेय. हिला जरा धरा हो.”

“मी? पुरुषमाणसानं? माझे हात पेटीच्या धुळीनं—”

“धरा म्हणते ना.”

त्यांनी धरलं. वीस वर्षं दोरी ओढली होती, पण पाळण्यातलं बाळ त्यांच्या हातात कधी आलं नव्हतं. ते बायकांचं काम. पोर हलकी होती, गरम होती, झेंडूचा वास येत होता तिला. तिनं बुवांच्या मिशीकडं टक लावून बघितलं. विमलाबाई टाळ पुसत उभ्या होत्या, पण टाळांकडं बघत नव्हत्या.

मग बुवांना मांडीवर ऊब जाणवली. पांढऱ्याशुभ्र, नाताळच्या इस्त्रीच्या धोतरावर ती ऊब पसरत गेली.

“अरारारा!” चन्नाप्पा पुढं झाला. “आना इकडं, आना. शांतव्वा, फडकं आन गं!”

“राहू दे,” बुवा म्हणाले आणि पोरीला जरा आणखी जवळ घेतलं. “खालून दिलंय तिनं. घ्यायलाच पाहिजे.”